आडमुठी तार

सासूबाई पुठ्ठ्याच्या नळीत चुंबक धरून केव्हाच्या बसल्या होत्या. नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली, तारेची दोन्ही टोकं मीटरला जोडलेली आणि मीटरचा काटा ढिम्म.

"कुठाय गं तुझी वीज? हात अवघडला माझा."

"अहो आई, नुसतं धरून काय होणार? हलवा की!"

सुनेला उद्या परगावच्या कॉलेजात हाच धडा घेऊन दाखवायचा होता. पसंत पडला की नोकरी पक्की. मग राहणं तिकडेच, घरी फक्त शनिवार-रविवार. सासूबाईंनी आठवडाभर नन्नाचा पाढा लावला होता. तिथलं पाणी बाधेल, एकटीला घास गोड लागायचा नाही, एक ना दोन. पण विज्ञानाचा गंध नसलेलं दुसरं माणूस घरात नव्हतं, म्हणून तिने आज त्यांनाच विद्यार्थिनी केलं होतं.

सासूबाईंनी चुंबक बाहेर ओढलं. काटा टुणकन उडाला.

"अगंबाई!"

मग काय, आत-बाहेर, आत-बाहेर, त्यांना थांबवेना.

"आत घालताना इकडे पळतो, काढताना तिकडे. असं का गं?"

"चुंबक जवळ यायला लागलं की तार त्याला ढकलते, येऊ नको म्हणते. लांब जायला लागलं की ओढते, जाऊ नको म्हणते. या ओढाताणीतच वीज होते."

"म्हणजे येऊही देत नाही आणि जाऊही देत नाही? काय मेली आडमुठी तार!"

सुनेने ओठ दाबले, पण हसू फुटलंच. लग्न ठरलं तेव्हा 'ही मुलगी नको' म्हणून याच बाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं.

सासूबाईंचा हात थांबला. काटा मधोमध येऊन स्वस्थ झाला.

"हसतेस काय? कळलं मला."

"काय कळलं?"

"धडा कळला. उद्या त्या पोरांनाही कळेल." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चल, स्टूल धर. माळ्यावरची मोठी बॅग काढते."

स्टुलावर चढल्यावर त्यांनी वरूनच विचारलं,

"आणि ते चुंबक परत आलं की?"

"तार पुन्हा ढकलते, आई."

"ढकलणारच," सासूबाई बॅगेवरची धूळ झटकत म्हणाल्या. "शनिवारी ये तर खरी, मग बघते."