सावलीची अट

एलिया मास्तर खरे मास्तर नव्हतेच. पारनेरच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेले. पण गावाने मास्तरकी बहाल केली आणि त्यांनीही ती परत केली नाही. डाळिंबाला उन्हाचा डाग पडू नये, अळी शिरू नये म्हणून त्यांनी चुना-कडुलिंबात भिजवलेलं कापड शोधून काढलं, त्याचं पेटंट घेतलं. आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच एक. आणि आता एक कंपनी तसंच कापड राजरोस विकत होती.

खालच्या कोर्टात मास्तर हरले. का, तर पेटंटच्या दाव्यात ‘सावलीत वाळवलेलं कापड’ असं लिहिलेलं, आणि कंपनी गरम हवेच्या यंत्रात वाळवायची. आज अपिलाची ऑनलाइन सुनावणी होती. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसले होते. पडद्यावर त्यांच्या वकील रोहिणीताई जीव तोडून सांगत होत्या, की कापडाचा गुण द्रावणात आहे, सावलीत नाही.

“मग हे काय?” न्यायमूर्तींनी एक पत्र वाचून दाखवलं.

पत्र मास्तरांचंच. अर्ज केला तेव्हा पेटंट कार्यालयाने विचारलं होतं, असं कापड आधीही होतं, तुमचं वेगळं काय? तेव्हा वकीलबिकील नव्हता. मास्तरांनी ऐटीत कळवून टाकलं: सावलीतच वाळवावं लागतं, उन्हात किंवा भट्टीत गुण मरतो.

“ज्या अटीवर पेटंट मिळवलंत, ती आता सोडता येणार नाही,” न्यायमूर्ती म्हणाले. अपील फेटाळलं.

मास्तरांनी लॅपटॉप आपटून मिटला. कंपनी चोर, कोर्ट आंधळं, कार्यालयातले बिनडोक. सगळ्यांचा उद्धार करत ते परसात आले. कृपाबाई, त्यांची बायको, तांदूळ निवडत होती.

“हरलो. त्या सावलीपायी हरलो!”

“आं? सावलीनं काय केलं?”

“तूच ना पहिलं कापड सावलीत वाळवलंस? का वाळवलंस?”

“अवो, उनात जागा कुठं हुती? माळवदावर, बाजंवर, समद्या कुरडया घातल्या हुत्या. म्हनून लिंबाखाली टाकलं.”

मास्तरांनी विचारलं, “आणि उन्हात वाळवलं असतं तर?”

“तसंच झालं असतं की. फुडच्या साली उनातच वाळवलं मी. तुमी शाळंत हुता. इचारलं कवा?”

तीस वर्षं मास्तर पोरांवर खेकसत आले होते, करून बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही म्हणून. ते पायरीवर बसले. शिव्या अजून बऱ्याच शिल्लक होत्या, पण घालायला आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.