लवंग कुशाबाची, शिव्या मला

मी दाताचा डिंक बोलतोय. दात काढू नगा, ऐका. तुमच्या किडक्या दातात मसाला भरत्यात न्हवं, त्यो काय तुमच्या पुण्याईनं चिकटत न्हाई. मी चिकटवतो.

आदी ऱ्हायाला भूगावच्या दवाखान्यात व्हतो, काळ्या बाटलीत. उजेड लागला की मी कडक व्हतो, म्हणून काळी. कुटल्या कारखान्यात जलमलो ते ठावं न्हाई. पयल्यांदा शुद्ध आली तवा फ्रिजात व्हतो, शेजारी डाक्टरीणबाईंचा जेवणाचा डबा. भेंडीच्या वासात बालपण गेलं.

काम सोपं न्हाई माझं. आदी दाताला निळं आंबट औषध लावत्यात. त्यानं दात खरबरीत व्हतो, डोळ्यास्नी दिसत न्हाईत आशी भोकं पडत्यात. त्ये धुतलं की मला ब्रशनं चोळत्यात. मी त्या भोकांत उतरतो, मुळ्या सोडतो. वरनं निळी बत्ती मारली की जाग्यावर घट्ट. मंग मसाला मला धरतो, मी दाताला. पर मदी थुका आला नायतर तेलकट काय आलं, की समदं मातेरं.

तर कोळवणचा कुशाबा आला. संगट बायकू, रंभाबाई. बैलगाड्याच्या शर्यतीचा माईक वीस वरसं ह्येच्या हातात. आन दोन दिसांमागं ह्या शाण्यानं कासऱ्याची गाठ दातानं सोडाय घेतली. बैलानं मान हिसडली. म्होरचा दात अर्धा गेला. आता बोलाय लागला की फुस्सफुस्स वारा जातोय. यात्रेतली शर्यत दुसऱ्या दिशी, आन भावकीतला कोंडाजी माईकवर टपलेला.

जान्हवी डाक्टरीणबाई म्हणल्या, "आजोबा, दाताला काही औषध लावलंय का?"

"न्हाई."

"नक्की?"

"आवं न्हाई म्हणलं की न्हाई!"

झालं. निळं औषध, मी, बत्ती, मसाला. पर मला आतनंच कळलं, पाय टेकंना. कुटं धरावं तर समदं बुळबुळीत. मी वरडून सांगणार कुणाला?

कुशाबा खुर्चीतनं उठला आन बगाया म्हणून शर्यतीची आरोळी ठोकली, "भिर्रर्र!" मसाला उडाला त्यो थेट रंभाबाईच्या वटीत.

"ह्यो डिंक हाय का ताकाचं पाणी?" कुशाबा पेटला. माझ्या खानदानाला काय काय बोलला, ते सांगत न्हाई. मला खानदान न्हाई म्हणून वाचलो.

बाईंनी दाताजवळ नाक नेलं. "लवंगेचा वास येतोय."

रंभाबाई म्हणली, "येणारच की. दोन दिस तेलाचा बोळा दाबून बसल्यात."

"आजोबा, मी विचारलं होतं!"

"तुमी औषध इचारलं. लवंग काय औषध हाय व्हय? ती मटणात घालत्यात!"

घ्या! लवंगाचं तेल आसलं की मी नीट वाळत बी न्हाई. आन ह्यो मला ताक म्हणतोय.

बाईंनी दात घासून घासून साफ केला. गालात कापूस कोंबला. म्हणल्या, "आता मी सांगेपर्यंत तोंड मिटायचं नाही. थुंकी लागली तर मी परत करणार नाही. मग उद्या माईकवर नुसती शिट्टी वाजवा."

परत निळं औषध, परत धुनं. मला ब्रशावर घेतलं, आन तेवढ्यात रंभाबाईचा फोन वाजला. तिला फोन कानाला लावायची सवय न्हाई, मोठ्यानंच लावती.

"कोंडाजी बोलतोय, वयनी. बसला का दात? न्हाई बसत, मला म्हाईत हाय. मी माईकवाल्याला सांगून ठेवलंय. कुशाबाला म्हणावं, औंदा बायकांत बसून बघ शर्यत."

कुशाबाच्या नरड्यात शिवी आली. मी बघितली की, ब्रशावरनंच. जीभ उचलली. व्हट थरथराय लागलं. माझ्या जलमात मी येवढा कुणाला भ्यालो न्हाई.

पर गड्यानं खुर्चीचा हात आवळला. डोळ्यात पाणी आलं, मान लाल झाली, जबडा मातुर हालला न्हाई. जीभ हळूच खाली गेली.

रंभाबाई म्हणली, "बोला भावजी, लई बोला. आज त्यास्नी बोलता येत न्हाई. उद्या तुमाला येणार न्हाई."

मी मुकाट भोकांत उतरलो. बत्ती लागली. आसा आवळून धरला दात, की काय इचारू नगा.

दुसऱ्या दिशी सकाळधरनं दिस मावळंपातुर कुशाबा माईकवर. कोंडाजीनं येक डाव हात म्होरं केला, कुशाबानं त्येच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. लोकं म्हणली, दात झकास बसलाय. कुणी डाक्टरीणबाईंचं नाव घेतलं, कुणी मसाल्याचं. माझं कुणीच न्हाई.

आता मी हितंच, कुशाबाच्या व्हटामागं, दात आन मसाल्याच्या मदी चेंगारलोय. रोज गरम चा, वरनं शिव्या. तक्रार न्हाई. येकच मागणं हाय, दाताला लवंग लावा, नायतर राख लावा, पर डाक्टरनं इचारलं तर कबूल करा. आन मला बगाय येऊ नगा. मी दिसलो म्हंजी मसाला उडाला, आन त्यो माणूस माईकवरनं गेला आसं समजा.