कोरडे इंजिन

काचेत रंग नव्हता. मोटारसायकलच्या तेलाच्या टाकीला बाजूने बसवलेली ती नखाएवढी गोल काच — एरवी तिच्यात हिरवट तेलाची रेघ डुलत असते — आज नुसती फटफटीत, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. सकाळी त्यानेच, धाकट्याने, टाकी रिती केली होती. पंपाकडे जाणारी नळी चिरली होती, ती बदलून झाली, तेल भरायचे तेवढे राहिले... आणि दादा शेडमध्ये आला.

जेवताना दादाने, मीठ मागावे इतक्या सहज, सांगून टाकले होते की उद्या टेम्पो येईल आणि बाबांची गाडी त्याच्या ऑफिसच्या दर्शनी भागात उभी राहील. रस्त्यावर आणि रानात सारखीच धावणारी इतकी जुनी जपानी टू-स्ट्रोक आता पाहायलाही मिळत नाही, लोक विचारतील. आई ताटाकडे पाहत राहिली. बाबा गेल्यापासून तिने थोरल्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. आणि धाकटा गप्प बसला, कारण या घरात गप्प बसणे एवढेच त्याला कुणी अडवल्यावाचून करता आले होते.

"किल्ली," दादा म्हणाला. हात पुढे. "पुसून पुसून रंग घालवशील तिचा. एवढी वर्षं मांडीवर घेऊन बसलास, एकदा तरी फाटकाबाहेर काढलीस का रे?"

वहिनी दारात हसली. "द्या हो भाऊजी, एक चक्कर तर मारतायत. खाणार आहेत का तिला?"

त्याने किल्ली दिली. दादाने गाडी हलवून पाहिली. पेट्रोल डुचमळले, त्याचे समाधान झाले. तेल त्याच्यासाठी कायम दुसऱ्या कुणीतरी भरलेले असे. तेल नसले तर ही थोडा वेळ नेहमीपेक्षाही गोड धावते, आणि मग भर वेगात पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून बसतो, मागचे चाक जागच्या जागी थिजते — हे सांगायला कितीसा श्वास लागतो?

बाबा विजेच्या तारांखालून, काट्याकुट्यांतून, खांबामागून खांब तपासत हिंडायचे, ते हिच्यावरून. सुट्टीच्या दिवशी दादाला पुढे बसवून मैदानावर न्यायचे, चालवायला शिकवायचे. धाकटा घरी, फडक्यावर पाने-पकडी मांडून वाट पाहणारा. पण एकदा इंजिन उघडून बसले असताना ते मान वर न करता त्याला म्हणाले होते, हिच्यावर बसलं की दोन बोटं क्लचवर ठेवायची, इंजिन आवळलं की दाबायचा, चाक सुटतं, माणूस वाचतो. दादाला त्यांनी हे सांगितले होते की नाही, धाकट्याने कधी विचारले नाही. एवढा तरी वाटा आपल्या एकट्याचा असावा असे त्याला वाटत आले...

दादाने किक मारली. शेडभर निळा धूर, पत्रे थरथरले. डाव्या मुठीवर त्याची सगळी बोटे आवळलेली, क्लचवर एकही नाही.

"तेल," धाकटा म्हणाला — त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

गाडी फाटकातून वळली. आवाज चढावर लागला, बारीक आणि रसरशीत. वहिनी कौतुकाने ऐकत राहिली. तोही ऐकत होता. सिलिंडरची भिंत ओरखडली तर घासून घेता येईल, पण त्या मापाचा पिस्टन आता कुठे मिळणार, रिंगा कुठे... आणि मग त्याच्या ध्यानात आले की एवढ्या साऱ्या काळजीत सीटवर कुणी बसलेलेच नाही. त्याने दादाला तिथे बसवून पाहिले — तो रुंद खांदा, मानेवरचा जन्मखुणेचा डाग, लहानपणी तापात आपल्या कपाळावर ठेवलेला त्याच दादाचा गार हात... डोळ्यांपुढे दादा टिकेना. सीट पुन्हा रिकामी.

याची भीती वाटायला हवी होती. आवाज अजून येत होता, पण त्याकडे त्याचे लक्ष राहिले नव्हते; तो दारात उभा राहून त्या भीतीची वाट पाहत होता.