भुकेल्या ग्रहाचा फोटो

मासळीच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भरदुपारी दारं लावून घेतलेली. मधल्या टेबलावर माझ्याच शाळेच्या भिंतीवरून गायब झालेला फोटो पसरला होता. मधोमध काळा गोल, भोवती धुळीचं कडं, कड्यात एक लाल ठिपका. डोंगरावरच्या दुर्बीणवाल्यांनी मुलांसाठी दिलेला. ठिपका म्हणजे कोवळा, राक्षसी आकाराचा ग्रह, अजून धूळ-वायू ओढून वाढणारा.

"हा काळा जबडा बघा!" टेबलाशी बसलेला भोंदू अबेलार्दो गरजला. "आणि हे त्याचं पिल्लू. रोज खातंय! कुणाला खातंय?"

"कुणाला?" गर्दी पुटपुटली.

"माइतेला!"

सात वर्षांची माइते तिच्या आईच्या, नेलिदाच्या मांडीवर पडली होती. ओठ कोरडे, श्वास धापा टाकल्यासारखा. तिला साखरेचा आजार. इन्सुलिनच्या बाटल्या या भामट्यानं 'ग्रहाचा नैवेद्य' म्हणून काढून घेतलेल्या. दोन दिवस सुई नाही. पोरीच्या श्वासाला पिकल्या फळाचा वास येत होता. इन्सुलिनविना रक्तात विष चढल्याची ती खूण.

"नेलिदा, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने!"

"गप्प बसा मास्तर!" नेलिदा उसळली. " हा फोटो गावात आणला कुणी? तुम्हीच ना?"

खरं होतं. फोटो टांगला मी, आणि 'पुढच्या आठवड्यात समजावून सांगू' म्हणत राहिलोही मीच.

अबेलार्दोनं फोटोवर मूठभर काळी रेती भुरभुरली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटला. रेती सरपटत ठिपक्याकडे निघाली, काट्यांसारखी उभी राहिली, गोळा झाली.

"खातोय! आई गं, खातोय!" बायकांनी छातीवर क्रूस काढले.

ही उभी राहणारी रेती मी कुठेतरी पाहिली होती. कुठेतरी काय, आमच्याच अंगणात, बापाच्या परातीत!

"हुस्तोकाका," मी गर्दीतल्या म्हाताऱ्या सोनं धुणाऱ्याला ओरडून विचारलं, "सोनं धुतल्यावर खाली राहिलेली काळी रेती कशानं काढता?"

"कशानं म्हणजे? लोहचुंबकानं. पन्नास वर्षं तेच करतोय की." म्हातारा थबकला. "अरे तुझ्या मारी!"

त्यानं सरळ टेबलाखाली हात घातला. "बघा रे, गुडघ्याला काय बांधलंय मेल्यानं!"

काकांनी चुंबक ओढून काढून टेबलावर आपटला आणि सगळी रेती त्याला जाऊन चिकटली. शेडमधला प्रत्येक माणूस नदीत सोनं धुताना रोज तसाच चुंबक हातात धरणारा.

"पण तो जबडा?" नेलिदानं पोरीला घट्ट धरत विचारलं.

"जबडा कसला! ताऱ्याच्या झगमगाटात शेजारचा ग्रह दिसत नाही, म्हणून दुर्बिणीत ताऱ्यावर झाकण धरतात. दिव्यावर अंगठा धरावा तसं. ऊठ, चल!"

हुस्तोकाकांच्या ट्रकमधून दवाखाना दोन तास. माइते वाटेत बोलेनाशी झाली. "आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते," डॉक्टरीणबाई सलाईन लावताना म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पोरीनं डोळे उघडून भाकरी मागितली. नेलिदा तिथेच जमिनीवर बसून रडली.

फोटो आता पुन्हा शाळेत आहे. खाली चुंबक टांगलाय, शेजारी रेतीचा डबा. ज्याला हवं त्यानं ग्रहाला भरवावं! त्या ग्रहाचा उजेड इथे पोचायलाच शेकडो वर्षं लागतात, त्याला माइते ठाऊकसुद्धा नाही. कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर बाबांनो, हात जोडू नका. आधी त्याच्या टेबलाखाली हात घाला.