वैशाखातली मी, आश्विनातली ती

“नकाशाचं काम सूनबाईकडूनच करून घ्या, आप्पा. ती काय उलट इचारनार न्हाई, अन् घरातलं घरात ऱ्हातंय.”

ओसरीवर बसून सहादेव हे म्हणाला, तेव्हा मधल्या खोलीचं दार उघडं होतं. दाराआड मोनिका बसली होती, तिच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपवर मी होते. बोलणं आम्हा दोघींसाठी नव्हतं, ऐकलं मात्र दोघींनी. तिने मान खाली घातली. मला खाली घालायला मानच नाही, म्हणून मी बोलतेय.

मी उपग्रहाने काढलेली एक प्रतिमा, धावडेवाडीच्या डोंगराची. सात वर्षांपूर्वीच्या वैशाखात, गावातल्या बाया न्याहारीची भांडी घासत होत्या तेवढ्यात माझा जन्म झाला. खाली कुणाला पत्ताही नव्हता.

समोर दिसलं ते मी जसंच्या तसं घेतलं. तपकिरी उतार, ओढ्याची कोरडी रेघ, कांदा काढून रिकामे झालेले वाफे. उतारावर सलई होती, धावडा होता, मोई होती. पण वैशाखात ही झाडं अंगावर पान ठेवत नाहीत. असलेलं पाणी पुरवायचं तर खर्च कमी करावा, एवढा शहाणपणा त्यांच्यात आहे. त्यामुळे मी तपकिरी दिसते. म्हणून कुणी मला ओसाड म्हटलं की माझ्या अंगाची लाही होते. पान नव्हतं माझ्यावर. झाडं होती!

जन्मल्या जन्मल्या मला कुठल्याशा दूरच्या यंत्रात ठेवून दिलं. नावाऐवजी आकड्या-अक्षरांची लांब शेपटी चिकटवली. तिथे माझ्यासारख्या लाखो पडलेल्या. कुणी येईना, कुणी पुसेना. मला वाटायचं, खाली सगळं ठीक चाललं असेल, म्हणून कुणाला आपली गरज पडत नसेल. किती भोळी होते मी!

मग मोनिकाने मला शोधून काढलं. ती श्रीगोंद्याकडची, भूगोल शिकलेली, आमच्यासारख्यांवरून नकाशे करण्यात तरबेज. तिचा लॅपटॉप लग्नात रुखवतात मांडला होता, करंज्यांचं ताट आणि मण्यांचं तोरण यांच्या मधोमध. ‘आमची सून कॉम्प्युटरवाली’ म्हणून सासूबाईंनी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवला. हळद उतरली आणि तो कपाटावर साड्यांच्या खोक्याखाली गेला. रुखवत ते रुखवतच.

तो खाली उतरला आप्पासाहेबांना गरज पडली तेव्हा. आप्पासाहेब मोनिकाचे सासरे आणि गावाच्या वन समितीचे अध्यक्ष. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला वनखात्याचे साहेब यायचे होते. सात वर्षांत समितीने जंगल वाढवलं, असं त्यांना दाखवायचं होतं. जंगल वाढलं म्हणजे दाट झालं आणि दाट झालं म्हणजे विरळणीची परवानगी मागता येते, मधली मधली झाडं काढायला. काढणारा आणि विकणारा सहादेव, टेम्पोही सहादेवचाच. ओढ्याच्या वरच्या अंगाचा उतार असाच, कुणालाही न विचारता, बोडका झाला होता. उरला होता फक्त खालचा. तोही यांना पुरेना!

मोनिकाने मला गावाच्या शिवेबरोबर कापून घेतलं, ब्लाउजपीस बेतावा तसं. तिचा हात हलका आहे. तेवढ्यात आप्पासाहेब येऊन दारात उभे राहिले.

“हे मागचं उन्हाळ्यातलं ऱ्हाऊ दे. अन् आत्ताचं घे दसऱ्याच्या टायमाचं.”

“मामा, दोन्ही एकाच महिन्यातली लागतात…”

“महिना-बिहिना कोन बघतंय? लोक रंग बघत्यात.”

मागून सहादेव हसला. “वैनी, हिरवं ते हिरवं. वरनं काय गवत न् झाड येगळं कळतंय व्हय?”

त्याला मात्र ते चांगलं कळत होतं. टेम्पो भरताना त्याने चुकूनही कधी गवत भरलं नाही.

आणि मग माझ्या शेजारी ती आणून बसवली. यंदाच्या आश्विनातली, हिरवीगार. तिचा काही दोष नाही, तिनेही दिसलं ते घेतलं. पण ती हिरवाई कसली? पाऊस सरता सरता गुडघाभर वाढलेलं गवत आणि टाकळा. त्याखाली सलईचे बुडखे. स्थळ दाखवताना माणसं हेच करतात ना? आपल्या मुलीचा फोटो पार्लरमधून आल्यावरचा, आणि दुसरीचं वर्णन ती तापाने फणफणली होती त्या दिवसाचं. आता डोंगरालाही यांनी तोच न्याय लावला.

दुपारी मोनिका स्वयंपाकघरात सासूबाईंशी बोलायला गेली. पाट्यावर चटणी वाटता वाटता त्या म्हणाल्या, “मला दिसत न्हाई व्हय गं? सरपनाला बायांना पार पल्याडच्या शिवंला जावं लागतंय. पन आपन बोलून काय हुतंय? भाकर ह्याच घरची खायची हाय.”

“आत्याबाई, पण त्या नकाशावर माझा हात आहे.”

“मग हात धू अन् जेवायला बस.”

ती जेवली. मला इतका राग आला तिचा! पण भांडी आवरून ती पुन्हा लॅपटॉपपाशी बसली आणि तिने आणखी दोघींना शोधून आणलं, एक सात वर्षांपूर्वीची, एक यंदाची, दोघीही मार्गशीर्षातल्या. मार्गशीर्षात गवत वाळून पिवळं पडतं, पण झाडांवर पान असतं. तेव्हा जे हिरवं दिसेल ते झाड. जुनीत वरचा उतार हिरवा होता. यंदाचीत तो खरवडलेल्या टोपासारखा होता. मोनिकाने त्या दोघी कुणाला न दाखवता ठेवून दिल्या.

झेंडावंदन झालं. शाळेच्या मोठ्या वर्गात भिंतीवर पांढरी चादर बांधली. प्रोजेक्टर दुसऱ्या कुणाला चालवता येईना म्हणून मोनिकाला आणून बसवलं, डोक्यावरचा पदर सांभाळत, कोपऱ्यात. आप्पासाहेबांनी काठी माझ्यावर टेकवली. “हे बघा साहेब, सात वर्षामागं नुसता खडक. पाखरू बसायला झाड नव्हतं. अन् हे बघा आत्ता!”

त्या दिवशी मी चादरीएवढी मोठी झाले, आणि सगळ्या गावाने मला ओसाड ठरवून टाळ्या वाजवल्या. माझ्या झाडांखाली ज्यांनी शेरडं राखली, त्यांनीसुद्धा!

साहेब म्हणाले, “छान. खालच्या उताराच्या विरळणीचा ठराव घ्या वाचायला.” सहादेव उठून उभा राहिला. तेवढ्यात मोनिकाचं बोट हललं आणि मी चादरीवरून गेले. माझ्या जागी त्या दोघी आल्या.

“काय लावलंस गं? बंद कर ते,” आप्पासाहेब ओरडले. तिने बंद केलं नाही.

मी आता पुन्हा लॅपटॉपच्या आत, अंधारात आहे. बाहेर मला कुणी काढेल, न काढेल. काढलंत तर एवढंच करा, माझ्याशेजारी माझ्याच महिन्यातली बसवा आणि मग काय ते म्हणा. खोटी साक्ष द्यायला मी आभाळातून उतरले नव्हते. सभेतलं पुढचं मला दिसलं नाही, फक्त मोनिकाचा आवाज ऐकू आला.

“साहेब, आधीचे दोन्ही नकाशे मीच केलेत आणि ते फसवे आहेत. एक वैशाखातला होता, एक आश्विनातला. हे दोन्ही मार्गशीर्षातले आहेत. वरच्या उतारावर आता जिथे पिवळं दिसतंय, तिथे सात वर्षांपूर्वी झाडं होती. ती कुठे गेली, ते मला माहीत नाही, मी या गावात आत्ता आले. तुम्ही सगळे इथलेच आहात. ठराव वाचायच्या आधी सांगा, कुठे गेली?”