ह्यांचा आवाज गाडीतच राहिला

दुपारी जेवणं उरकली की आम्ही दोघं जरा पडतो. हे भिंतीकडे तोंड करून, मी खिडकीकडे. पडदा हलतो, छतावर उजेडाचा पट्टा इकडून तिकडे सरकतो, आणि डोळा लागता लागता मला लांबून ह्यांचा आवाज ऐकू येतो. "बंधूंनो, भगिनींनो..." मी वळून बघते, तर हे शेजारीच असतात. तोंड मिटलेलं, श्वास संथ. आवाज मात्र तोवर इस्त्रीवाल्याच्या दुकानापाशी पोचलेला असतो. पहिल्यांदा मला वाटलं, माणूस झोपला की त्याचा आवाज एकटाच फिरायला जात असेल.

तसं काही नव्हतं. ती पक्षाच्या प्रचाराची गाडी होती. वर कर्णा, आत ड्रायव्हर आणि ह्यांचं जुनं रेकॉर्डिंग.

ह्यांचा आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा. जन्मभर ह्यांनी बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. काचेच्या खोलीत बसून हे इतक्या मायेनं बोलायचे की गाडी रद्द झाली तरी लोकांना त्याचं वाईट वाटायचं नाही. घरी भाजीत मीठ कमी पडलं की ती माया कुठे जायची कोण जाणे! ड्यूटी संपली की पक्ष. लग्न होऊन आले तेव्हाच मला कळलं, ह्या घरात सवत आहे आणि तिचं ऑफिस चौकात आहे.

ते रेकॉर्डिंग आमच्याच मागच्या खोलीत झालं. खिडक्यांना रजया टांगलेल्या, पंखा बंद, हे घामानं निथळत माइकपुढे उभे. "तलावाकाठचं मैदान तुमचं आहे, तुमच्या लेकरांचं आहे. ते मोकळंच राहील, हा माझा शब्द. सांगा, द्याल ना साथ?" एवढं बोलून हे थांबले. लोकांना 'हो' म्हणायला जागा नको? मी कोपऱ्यात ह्यांच्या घशासाठी मधाचं पाणी ढवळत होते. मला काय स्वप्न पडलं होतं, हे मध्येच थांबणार म्हणून? त्या शांततेत माझा चमचा पेल्यावर टिण्णकन वाजला. पुन्हा सगळं करायला कोणाला वेळ नव्हता, म्हणून तसंच राहिलं. मी पक्षाची कधीच नव्हते, पण माझा चमचा पहिल्यापासून पक्षात आहे.

कितीतरी निवडणुकांत तेच रेकॉर्डिंग फिरलं. गाडी आली की आमची मुलगी खिडकीतून ओरडायची, "होऽऽ!" तिच्यामागून गल्लीतली सगळी पोरं. मग कर्ण्यातून हे म्हणायचे, "धन्यवाद!" आणि खरेखुरे हे खुर्चीत बसून मिशीतल्या मिशीत हसायचे.

शेवटी एकदाचा पक्ष निवडून आला. आणि मैदानाभोवती पत्रे उभे राहिले. आत कोणाची तरी इमारत होणार होती. हे विचारायला ऑफिसात गेले. ज्याला ह्यांनीच माइक धरायला शिकवलं, तो आता सेक्रेटरी झाला होता. तो अगदी प्रेमानं म्हणाला, "काका, एवढा गोड गळा आहे तुमचा. तुम्ही फक्त बोला. विचार करायचं काम आमच्यावर सोडा."

ह्यांनी छातीवरचा बिल्ला काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि चालत घरी आले. "सोडला," एवढंच म्हणाले. काय सोडला, ते मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि तो आनंद मी गिळून टाकला.

पुढची निवडणूक आली आणि आवाज पुन्हा गल्लीत शिरला. मैदान गेलं, पण मैदानाचं वचन फिरतच होतं. हे तडक ऑफिसात गेले. सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुम्ही गेलात, आम्ही अडवलं का? आवाज तेवढा राहू द्या की."

मग हे भेटेल त्याला सांगत सुटले, मी पक्ष सोडला. न्हावी खुर्ची फिरवत हसला. "मग सकाळी गाडीतून कोण बोलत होतं? भूत?" इस्त्रीवाल्याची मुलं त्या मैदानावर खेळायची. तो हसलासुद्धा नाही. "तुमच्या शब्दावर मत दिलं होतं, काका," म्हणाला, आणि शर्टाची घडी घालत राहिला.

त्या दिवसापासून ह्यांनी बोलणंच टाकलं. मीठ खुणेनं मागायचे. मुलीचा फोन आला की नुसतं 'हं'. मी चिडले, भांडी आपटली. "अहो, निदान भांडा तरी!" घरात माझ्या एकटीचा आवाज आणि दुपारी बाहेर ह्यांचा. एकदा अर्धवट झोपेत मी त्या बाहेरच्या आवाजालाच म्हणाले, "आत या, ऊन लागेल." जागी झाले आणि उठून बसले. हा माणूस उरलेला जन्म असाच काढणार की काय, शरीर माझ्या घरात आणि आवाज त्यांच्या गाडीत?

कालही तसाच पडदा हलत होता. बंधूंनो, भगिनींनो. मी वळले तर शेजारची जागा रिकामी. हे बनियनवरच गॅलरीत उभे होते, कठडा घट्ट धरून. खाली गाडी रांगत होती, मागे पोरांची वरात. न्हावी कंगवा घेऊन बाहेर आलेला, इस्त्रीवाला दारात. उन्हात सगळं पाण्याखाली असल्यासारखं हळू दिसत होतं. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे.

"सांगा, द्याल ना साथ?"

आवाज थांबला. माझा चमचा टिण्णकन वाजला. आणि ह्यांनी तोंड उघडलं.

"नाही!"

बसस्थानकावरचा, भरल्या छातीचा आवाज. कर्ण्याशिवाय गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पोरांचा 'हो' घशातच राहिला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून आधी वर बघितलं, मग कर्ण्याकडे. इस्त्रीवाल्यानं कपाळावर आडवा हात धरून ह्यांच्याकडे पाहिलं आणि सावकाश मान डोलावली.

"धन्यवाद!" कर्ण्यातले हे म्हणाले.

गाडी वळली. हे आत येऊन खुर्चीत बसले.

"अगं," म्हणाले, "घसा सुकला."

मला रडूच फुटलं. तशीच स्वयंपाकघरात गेले, मधाची बाटली काढली, पाणी ढवळायला लागले. चमचा मुद्दामच जोरात वाजवला. पलीकडच्या गल्लीतून ह्यांचा आवाज येत होता, मैदान तुमचं आहे, तुमच्या लेकरांचं आहे. आणि बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, "मध जरा जास्त घाल. कंजूसपणा करू नकोस."