पाहुणे कुठले?

लोहाऱ्याच्या राजपाल गायकवाडला जर्मनीत नोकरी लागली आणि गावानं त्याला एकच प्रश्न विचारून भंडावून सोडलं. एवढ्या लांब कशाला? राजपाल हुशार, त्यानं ज्याला जे पचेल ते उत्तर दिलं. मित्रांना सांगितलं, पगार. चुलत्यांना सांगितलं, मोठ्या मशीनवर काम शिकायला मिळतं. कुणी फारच खोदून विचारलं तर, तिकडची हवा चांगली, असं म्हणून मोकळा व्हायचा. हवेसाठी कुणी आईला सोडून जातं का, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

खरं कारण त्यानं फक्त आईला सांगितलं होतं. पुण्यात त्याला एक फ्लॅट पसंत पडला होता. मालक भला दिसत होता. चहा झाला, किल्ली कधी न्यायची तेही ठरलं, आणि राजपाल चपला घालत असताना मालकानं सहज विचारलं, तुमचे पाहुणे कुठले? आता आपल्याकडे जात कुणी विचारत नाही. छे, तो गावंढळपणा झाला. आपण पाहुणे विचारतो. गायकवाड सगळ्यांतच असतात, राजपाल या नावावरूनही काही उमगत नाही. मग मामा कुठले, आत्या कुणाकडं दिली, असं करत करत माणूस बरोबर मुक्कामाला पोचतो. राजपालनं खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, की भाचा राहायला येणार आहे.

"तिकडं कुणी पाहुणे विचारणार न्हाय, आई," राजपाल म्हणाला होता. चांगुणाबाईंचा नवरा गेल्यापासून घरात मायलेक दोघंच, त्यातला एक सातासमुद्रापार निघालेला. त्यांचा जीव तुटत होता. पण हे कारण ऐकल्यावर त्यांनी अडवणं सोडलं. शेजारणीपाशी जाऊन रडून घेतलं, घरी आल्या आणि चटणीसाठी शेंगदाणे भाजायला घेतले.

जायचा दिवस जवळ आला तरी राहायच्या जागेचं काही जमेना. तेवढ्यात एका मित्रानं नंबर दिला. इंद्रजित नावाचा मुलगा, मूळचा मुरुमचा, बरीच वर्षं तिकडं काढलेला, आणि त्याच्या घरातली एक खोली रिकामी. राजपालला देव भेटल्यासारखं झालं. त्याच दुपारी त्यानं व्हिडिओ कॉल लावला.

इंद्रजित मोकळा आणि हसरा निघाला. लोहाऱ्याच्या स्टँडवर अजून जीपवाले माणसं कोंबतात का, हे त्यानं आधी विचारलं. ज्वारीचं पीठ कुठल्या दुकानात मिळतं ते दाखवीन म्हणाला. त्याच्या पाठीमागच्या खिडकीतून परक्या गावाची लाल कौलं दिसत होती, आणि राजपाल मनातल्या मनात त्या खिडकीशी जाऊन उभाही राहिला होता.

"घरात आम्ही तिघं आहोत, सगळी आपलीच पोरं," इंद्रजित म्हणाला. "राग मानू नका, विचारलेलं बरं असतं. तुमचे पाहुणे कुठले?"

कौलं जर्मनीची आणि प्रश्न पुण्यातल्या त्या मालकाचा.

"मामा नळदुर्गचे," राजपाल म्हणाला. इथवर खरं होतं. "पाटीलकी आहे त्यांच्याकडं."

मामा नळदुर्गला हायवेवरच्या ढाब्यात तंदूर सांभाळतात. आपण हे काय बोललो, राजपालला कळेना. कुणी गळ्यावर सुरी धरली नव्हती. पुण्यात डोळ्यादेखत फ्लॅट हातचा जात होता, तेव्हाही तो खोटं बोलला नव्हता. इंद्रजित मात्र खूश झाला. मग काय, या तुम्ही, म्हणाला.

अंगणात चटणी कुटत बसलेल्या चांगुणाबाईंच्या कानावर एवढ्यात मुरुम हे नाव पडलं. तिकडं आपल्या भागातलं कुणीतरी आहे, पोरगं एकटं पडणार नाही, या आनंदात त्या हात पुसत पुसत आत आल्या. राजपालच्या खांद्यावरून वाकून त्यांनी फोनसमोर तोंड नेलं.

"जयभीम, बाळा."

चांगुणाबाईंचा जयभीम अख्ख्या लोहाऱ्याला ठाऊक आहे. तहसीलमधल्या साहेबापासून जीपवाल्यापर्यंत त्या सगळ्यांना तोच करतात, आणि समोरचा उत्तर देईपर्यंत जागच्या हलत नाहीत. साहेबलोक कुरकुरत का होईना, पण उत्तर देतात.

इंद्रजितला उत्तर द्यायला सवडच मिळाली नाही. राजपालच्या अंगठ्यानं फोन कट केला होता.

राजपाल त्या अंगठ्याकडं बघत राहिला. तो आपलाच आहे हे त्याला पटेना.

"तुटला व्हय?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"रेंज गेली."

त्या अगदी शेजारी उभ्या होत्या. अंगठा त्यांनीही पाहिला होता. आता आईनं एक थोबाडीत ठेवून द्यावी, असं राजपालला वाटलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त तो हादरला. जे चुकवायला एवढ्या लांब निघालो, त्यासाठी विमानात बसायच्या आधीच आपण आईला लपवलं. मग जायचं तरी कशाला? गावाला द्यायला त्याच्यापाशी ढीगभर उत्तरं होती. स्वतःला द्यायला आता एकही सापडेना.

"आई," तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. इंद्रजितच होता. राजपालनं फोन खाली ठेवून हात मागं घेतला. चांगुणाबाईंनी पदर सारखा केला, वाजता फोन त्याच्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "उचल. मला आदी सांगायचंस की रं. आता म्या नमस्कार म्हणते."